उसवता येईल असा बूट

लंडनपासून वायव्येला साधारण शंभर किलोमीटरवर नॉर्थॅम्प्टन आहे. मराठी वाचकाच्या कानावर हे नाव गेलं असेल तर ते क्रिकेटमुळे. बेदी, कपिलदेव आणि कुंबळे हे तिघेही कधी ना कधी नॉर्थॅम्प्टनशायर काउंटीकडून खेळले. तिथल्या फुटबॉल संघाचं टोपणनाव मात्र आपल्याकडे फारसं पोचलेलं नाही. त्या संघाला ‘कॉबलर्स’ म्हणतात.

संघाचे पाठीराखे आज हे नाव अभिमानाने मिरवतात. जुन्या काळच्या लंडनमधल्या एखाद्या जोडे शिवणाऱ्याला तुम्ही कॉबलर म्हणाला असता, तर त्याने आरी उगारली असती. तिथे हे दोन वेगळे पेशे होते. नव्या चामड्याचा जोडा शिवणारा तो कॉर्डवेनर. हे नाव स्पेनमधल्या कोर्दोबाच्या नामांकित चामड्यावरून आलं. जुन्या जोड्याला ठिगळ लावणारा तो कॉबलर. कोणी कुठल्या चामड्याला हात लावायचा यावरून दोघांत भांडणं होत, आणि ती मिटवायला चौदाव्या शतकात शहराच्या कारभाऱ्यांना हद्दी आखून द्याव्या लागल्या. आपल्याकडे चपलेचा जोड बेतणारा आणि तुटलेला अंगठा शिवून देणारा बहुधा एकच माणूस असतो, त्यामुळे हा मानापमान आपल्याला जरा गमतीचा वाटतो. पण नॉर्थॅम्प्टनची सगळी गोष्ट या दोन पेशांमधली आहे. आज तिथले उत्तम कारखाने नवा बूट विकतात ते त्याच्या दुरुस्तीची हमी देऊन. हे ज्या गोष्टीमुळे शक्य झालं ती म्हणजे चामड्याची एक अरुंद पट्टी.

चांगला इंग्लिश बूट टेबलावर ठेवून वरून पाहिला, तर सोलची कड अप्परच्या, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाच्या, थोडी बाहेर आलेली दिसते आणि त्या कडेवरून टाक्यांची एक ओळ फिरते. ही ओळ ज्या पट्टीवर आहे ती वेल्ट. अप्पर आणि सोल एकमेकांना थेट शिवलेले नसतात. दोघेही या पट्टीला शिवलेले असतात, आणि दोन्ही शिवणी वेगळ्या. सोल झिजला की बाहेरची शिवण उसवायची आणि नवा सोल लावायचा. अप्परला त्याचा पत्ताही लागत नाही.

हे काम हाताने कसं होई, ते जवळून पाहण्यासारखं आहे. लाकडी फर्म्याच्या तळाला भिजवलेला जाड चामड्याचा इनसोल ठोकायचा. तो वाळला की त्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडं आत, रापीने खाच पाडून चामड्याचाच एक उंचवटा कोरून काढायचा. मग अप्पर फर्म्यावर चढवून पकडीने खाली ओढायचं, इतकं की घोट्यापासून चवड्यापर्यंत एक सुरकुती राहता कामा नये. ते खिळ्यांनी तात्पुरतं अडकवायचं. पुढे खरी मेहनत. तागाचे किंवा अळशीचे अनेक पदर एकत्र वळून, त्यांना डांबर-मेण चोळून दोरा तयार करायचा. त्याच्या दोन्ही टोकांना सुईऐवजी रानडुकराचा राठ केस गुंफायचा, कारण वाकड्या आरीने पाडलेल्या वाकड्या भोकातून सरळ सुई जात नाही, केस वळतो. आरी वेल्टमधून, अप्परमधून आणि त्या कोरलेल्या उंचवट्यातून आरपार. दोन केस समोरासमोरून त्याच भोकात. मग दोन्ही हात फाकवून टाका आवळायचा. एका जोड्याला असे टाके शेकड्यांनी. कारागीर गुडघ्यांत फर्मा धरून, पाठीची कमान करून दिवसभर बसलेला असे.

नॉर्थॅम्प्टनला हा धंदा रुजला त्याची कारणं साधी होती. भोवती गुरांची कुरणं आणि मोठा जनावरांचा बाजार. जवळच ओकची जंगलं, ज्यांच्या सालीत चामडं कमावलं जाई. चामड्याला लागणारं पाणी नेन नदीचं. आणि गाव इंग्लंडच्या मधोमध, म्हणजे लढाई कुठेही जुंपली तरी सैन्याला बूट पुरवायला सोयीचं. १६४२ साली थॉमस पेंडलटन आणि त्याच्याबरोबरच्या बारा चर्मकारांनी आयर्लंडला निघालेल्या सैन्यासाठी ४,००० जोडे आणि ६०० उंच बूट पुरवण्याचं कंत्राट घेतलं. गावाच्या इतिहासात हा आकडा हटकून येतो. पुढची तीन शतकं युद्ध म्हणजे या गावाला हंगाम, आणि तह म्हणजे मंदी.

सुरुवातीला कारखाना असा नव्हताच. मालक चामडं कापून देई. ते घेऊन कारागीर घरी जाई. अप्परचे तुकडे जोडण्याचं काम बायका आणि मुलं करत, सोल पुरुष लावत. माळ्यावर, मागच्या पडवीत, परसातल्या खोपटात हातोड्या वाजत. वेळेचं बंधन कुणाचंच नाही. सोमवारी कामाला हात लावायचा नाही, त्याला गमतीने ‘सेंट मंडे’ म्हणायचं, आणि आठवड्याची भरपाई शुक्रवारी रात्र जागून करायची. गरिबी होती, पण घड्याळाची गुलामी नव्हती. पुढे यंत्र आलं तेव्हा या माणसांनी जे भांडण काढलं, त्यात मजुरीच्या जोडीला हा सोमवारही होता.

पहिलं यंत्र आलं ते शिवणयंत्र, अप्पर जोडण्यासाठी, १८५७ मध्ये. गावात सभा भरल्या, संघटना उभी राहिली, १८५९ मध्ये संप झाला. त्याच वर्षी आयझॅक कॅम्बेल कंपनीने गावाच्या मध्यावर भलीमोठी विटांची फॅक्टरी उभारली. सैन्याला बूट पुरवणारी ही कंपनी पुढे अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेकडच्या गुलामधारी राज्यांनाही माल पोचवत होती, हे जाता जाता सांगायला हवं. संप फसला. काही कारागीर गाव सोडून गेले, उरलेल्यांच्या बायका यंत्रावर बसल्या.

सोल शिवणं मात्र अजून हाताचंच होतं, आणि तिथली कोंडी अमेरिकेत फुटली. १८५८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या लायमन ब्लेकने बुटाच्या आतून थेट सोलपर्यंत टाका घालणारं यंत्र काढलं. गॉर्डन मॅके नावाच्या धूर्त उद्योजकाने त्याचे हक्क विकत घेतले, पण यंत्र विकायचं नाही, भाड्याने द्यायचं आणि जोड्यामागे रॉयल्टी घ्यायची, असा शिरस्ता घातला. ब्लेकचा बूट हलका आणि सडसडीत होई. इटलीत तो आजही लोकप्रिय आहे. दोष एकच: टाका थेट तळव्याखालून जमिनीपर्यंत गेलेला, त्यामुळे पावसात पाणी त्याच वाटेने वर चढतं.

वेल्टचं यंत्र त्यानंतर आलं. न्यूयॉर्कच्या ऑगस्ट देस्तुई या कारागिराने १८६२ मध्ये वाकड्या सुईचं यंत्र जमवलं. ते नीट चालत नव्हतं. त्याचे हक्क घेऊन ते चालतं केलं चार्ल्स गुडइयर (धाकटा) याने. रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधून कर्जात मेलेल्या गुडइयरचा हा मुलगा. टायरची कंपनी त्यानंतर कित्येक वर्षांनी निघाली. तिने बापाचं नाव घेतलं, घराण्याचा तिच्याशी संबंध नाही. १८७०च्या दशकात हे यंत्र कामाचं झालं आणि हाताला अर्धा दिवस लागणारी शिवण मिनिटभरात होऊ लागली. वाकडी सुई म्हणजे वाकडी आरीच, फक्त तिच्यामागे माणसाच्या खांद्याऐवजी वाफ. मूळ रचना तीच राहिली: पट्टी, दोन शिवणी, इनसोल आणि सोल यांच्यामध्ये बुचाचा थर. यंत्राने हातकामाची नक्कल इतकी प्रामाणिकपणे केली की दुरुस्तीची सोयसुद्धा तशीच उतरली.

एके ठिकाणी मात्र नक्कल कच्ची आहे. कोरलेल्या उंचवट्याऐवजी कारखान्यात इनसोलला कापडाची एक उभी पट्टी चिकटवतात आणि टाका तिच्यातून जातो. हाताने शिवणारे कारागीर यावर नाक मुरडतात, आणि त्यांचं चुकत नाही: डिंकाने धरलेली वस्तू कधीतरी सुटते. पण वीस-वीस वर्षं वापरलेले यंत्रवेल्टचे बूट चालताना दिसतात, म्हणून हा वाद फार ताणण्यात अर्थ नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घरचं काम संपलं. १८९०च्या दशकात कामगार संघटनेनेच आग्रह धरला की सगळं काम कारखान्याच्या छताखाली व्हावं, कारण माळ्यावरच्या मजुराची मजुरी राखणं अशक्य झालं होतं. ज्यांच्या आज्यांनी यंत्राविरुद्ध संप पाहिला, त्यांचीच ही मागणी. १८९५ मध्ये देशभरच्या बूट कारखान्यांना टाळी लागली, मग समेट झाला. आज प्रसिद्ध असलेली बहुतेक नावं याच उलथापालथीतून वर आली: चर्च १८७३, क्रॉकेट अँड जोन्स १८७९, शेजारच्या केटरिंगमध्ये ‘लोक’ (Loake) १८८०, एडवर्ड ग्रीन १८९०. ट्रिकर्स त्यांच्याहून जुनी, १८२९ची. यांचे कारखाने आजही बैठ्या घरांच्या ओळीत उभे आहेत: तीन मजली, लाल विटांचे, उजेडासाठी प्रचंड खिडक्या.

सैन्याचे बूट हाताने शिवणारं रॉन्ड्स हे जवळचंच छोटं गाव. तिथे मजुरीचे दर पडले तेव्हा १९०५च्या मे महिन्यात जेम्स ग्रिबल याने ११५ माणसांची तुकडी करून थेट लंडनच्या युद्ध खात्यावर पायी मोर्चा नेला. बूट शिवणारे आपल्याच बुटांतून चालत निघाले. संसदेच्या प्रेक्षक सज्जातून ग्रिबल ओरडला आणि त्याला बाहेर काढण्यात आलं.

असल्या माणसांचा खासदारही तसाच होता. १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनने चार्ल्स ब्रॅडलॉला निवडून दिलं. तो उघड नास्तिक. शपथेवरून संसदेने त्याला बसू दिलं नाही. गावाने त्याला पुन्हा पुन्हा निवडून पाठवलं, आणि १८८६ मध्ये तो एकदाचा आसनावर बसला. त्याला विजयी करणाऱ्यांत चर्मकार मतदारांचा वाटा मोठा होता. भारताचे प्रश्न त्याने संसदेत इतके लावून धरले की त्याला ‘भारताचा खासदार’ म्हणत. १८८९च्या डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचं पाचवं अधिवेशन भरलं, त्याला तो जातीने हजर होता. त्या अधिवेशनाला १,८८९ प्रतिनिधी आले, हा योगायोग काँग्रेसच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. १८९१ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीला लंडनमध्ये शिकणारा एकवीस वर्षांचा मोहनदास गांधीही गेला होता.

भारताशी दुसरा धागा अधिक चिवट होता, आणि तो चामड्याचा. आपल्याकडे माळरानावर पिवळ्या फुलांचा तरवड सगळ्यांनी पाहिलेला असतो. घटस्थापनेच्या माळेत त्याची फुलं जातात. दक्षिणेत त्याच तरवडाच्या सालीत गाईगुरांची कातडी कमावत आणि अर्धवट तयार झालेला तो माल मद्रासहून लंडनच्या बाजारात जाई. व्यापारात त्याचं नाव ‘ईस्ट इंडिया किप’. पहिल्या महायुद्धात हा माल सरकारने आपल्या ताब्यात घेतला, कारण इंग्रज शिपायाच्या बुटाचं अप्पर त्यातून निघत होतं. घटाला फुलं देणारं झाड फ्रान्सच्या खंदकातल्या बुटाला साल देत होतं.

आता पायाचं माप. इंग्लिश बुटाचा नंबर जवाच्या दाण्यावर चालतो. तीन दाणे म्हणजे एक इंच, आणि एक नंबर म्हणजे एक दाणा. आठ यवांचं एक अंगुळ मानणाऱ्या आपल्या परंपरेला यात नवल वाटू नये. मोजणी चार इंचांवर शून्यापासून सुरू होते, तेराला पोचली की लहान मुलांची रांग संपते आणि मोठ्यांची पुन्हा एकपासून लागते. त्या हिशोबाने आठ नंबरच्या फर्म्याची लांबी ११ इंच. ही लांबी फर्म्याची, पायाची नाही; त्यात बोटांपुढची मोकळी जागा धरलेली असते. दुकानात पट्टीने पाय मोजून आठ मागणारे गिऱ्हाईक इथेच फसतात.

लांबीपेक्षा अवघड ती रुंदी. जुन्या इंग्लिश कारखान्यांत एकाच नंबरचे चार-पाच रुंद-अरुंद प्रकार मिळत, ते अक्षरांनी ओळखत. एकाचं ‘ई’ दुसऱ्याच्या ‘एफ’ला जुळतं, हा घोळ आजही आहे. खरं मापन टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत. बूट जिथे वाकतो तिथेच पाय वाकला पाहिजे. तसं झालं नाही तर नंबर बरोबर असूनही जोडा चावतो. अमेरिकेच्या सिरॅक्यूज शहरात चार्ल्स ब्रॅनक याने १९२०च्या दशकात यासाठी सरकत्या पट्ट्यांचं उपकरण बनवलं, ते अजून चालतं. त्याच सुमाराला इंग्लंडच्या दुकानांत पेडोस्कोप नावाची लाकडी पेटी आली. तिच्या फटीत बूट घातलेला पाय सरकवायचा आणि वरच्या झरोक्यातून क्ष-किरणांत आपली हाडं हलताना पाहायची. मुलांना ही जत्राच वाटे. किरणांचा धोका लक्षात आल्यावर पेट्या दुकानांतून हटल्या. पण तोवर कित्येक वर्षं विक्रेता दिवसभर त्या पेटीशेजारी उभा राहिला होता.

यंत्राशिवायची परीक्षा सोपी आहे. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय फुगतो. नाडी बांधल्यावर दोन कडांमध्ये बोटाच्या जाडीइतकी फट राहिली तर बरी, पुढे अप्पर सैलावतं. नव्या बुटात टाच जराशी सुटते, ते चालेल. चवडा आवळला तर चालणार नाही. इनसोलखालचा बुचाचा थर महिनाभरात पायाचा ठसा घेतो, आणि तेव्हा बूट खऱ्या अर्थाने मालकाचा होतो. म्हणून दुसऱ्याचा वेल्टेड बूट, तोच नंबर असला तरी, आपल्या पायाला परकाच लागतो.

नवा सोल लावायची वेळ कशी ओळखायची? तळाच्या मध्यावर अंगठा दाबावा. चामडं मऊ लागलं, दबलं, की वेळ आली. भोक पडेपर्यंत थांबणं म्हणजे पावसाला आतल्या बुचापर्यंत आमंत्रण. कारखान्यात असा जोडा आला की आधी टाच उचकटतात, मग कडेची शिवण कापून सोल सोलून काढतात. आतून काळपट, कुसकरलेलं बूच निघतं, ते खरवडून टाकतात. वेल्ट तपासतात, कुजली असेल तर तीही बदलतात. या सगळ्याआधी बूट ज्या फर्म्यावर बनला त्याच घडणीच्या, त्याच नंबरच्या फर्म्यावर पुन्हा चढवतात. कोपऱ्यावरचा मोची कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे तो फर्मा नसतो, आणि वर्षानुवर्षांच्या चालण्याने पसरलेला बूट फर्म्याशिवाय पुन्हा ताठ होत नाही. मग ताजं बूच, नवा सोल, नवी शिवण. सोल डेव्हनचाही असू शकतो: डेव्हन परगण्यातल्या कोलिटन गावात बेकर यांची टॅनरी अजून ओकच्या सालीत चामडं कमावते आणि सोलच्या चामड्याला वर्षाहून अधिक वेळ देते. मुंबई-कोकणात राहणाऱ्याने मात्र या रोमँटिकपणाला बळी पडू नये. त्याला मार्केट हार्बरोच्या कारखान्यातला डेनाइट रबरी सोल बरा. तोही त्याच वेल्टवर बसतो.

हे किती वेळा करता येतं, याचं उत्तर अप्पर देतं. वेल्ट बदलली की अप्परच्या कडेला नवी भोकं पडतात, आणि तीन-चार खेपांनंतर चामडं टाका धरेनासं होतं. पण बहुतेक बूट त्याआधीच मरतात, चवड्याच्या घडीवर अप्पर तडकून. पॉलिश न केल्याने, आणि रोज तोच जोडा घातल्याने. घामाने भिजलेल्या चामड्याला एक दिवस विसावा लागतो.

नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयात जगातल्या सर्वांत मोठ्या जोडा-संग्रहांपैकी एक आहे, आणि तिथे एक विलक्षण नोंदवही ठेवली जाते: जुन्या घरांच्या धुराड्यांत, भिंतींत, जमिनीखाली लपवलेल्या बुटांची. इडापिडा टळावी म्हणून लोक ते चिणून ठेवत असावेत. आपल्याकडे ट्रकच्या मागे दृष्ट लागू नये म्हणून जुनी चप्पल लोंबते, तिचीच ही चुलत बहीण. हे बूट जवळजवळ सगळेच झिजलेले, ठिगळं लावलेले आहेत. नवा जोडा भिंतीत घालणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

कारकुनालाही हाताने शिवल्यासारखा बूट परवडावा म्हणून जे यंत्र आलं, त्याच यंत्रावर शिवलेल्या बुटाची किंमत आज पाचशे पौंडांच्या पुढे जाते, आणि त्यावर लिहिलेलं ‘गुडइयर वेल्टेड’ हे श्रीमंती दाखवणारं बिरुद झालं आहे. चिकटवून तयार होणाऱ्या बुटांनी उरलेला बाजार कधीच नेला. शेकडो कारखाने बंद पडले. १९९९ मध्ये चर्चचा ताबा इटलीच्या प्राडाकडे गेला. स्वस्तातल्या काही श्रेणींचं अप्पर आता भारतात शिवून जातं, म्हणजे तरवडाच्या सालीचा व्यवहार वेगळ्या रूपात चालूच आहे.

यातला एखादा जोडा जुन्या बाजारात किंवा घरातल्या कुणा वडीलधाऱ्याच्या कपाटात सापडला, तर आधी आत, कमानीपाशी अस्तरावर पाहावं. तिथे शाईने, बऱ्याचदा हाताने, काही आकडे लिहिलेले असतात: नंबर, रुंदीचं अक्षर आणि फर्म्याचा क्रमांक, जसा एडवर्ड ग्रीनचा २०२. ही शाई पुसट होण्याआधी कागदावर उतरवून ठेवावी. कारखान्याला बूट पाठवताना तेच आकडे लागतात.